नऊ नावांचं मस्टर

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका उद्योजक वाचकांचं पत्र आलं होतं. कामगारांच्या सुरक्षेसाठी सरकारी नियमांची गरज नाही, आपल्या माणसाचा हात तुटावा असं कुठल्याच मालकाला वाटत नाही, नियमांनी फक्त इन्स्पेक्टरांचं भागतं आणि लहान कारखानदार मेटाकुटीला येतो, असं त्यांचं म्हणणं आहे. पत्र मी दोनदा वाचलं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते ज्या गोष्टीबद्दल लिहितात तिच्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत, म्हणून हे उत्तर. डाव्या हाताने लिहितो, अक्षर सांभाळून घ्यावं.

मी भोसरीत राहतो. मूळ गाव आंबेगाव तालुक्यातलं. १९८६ साली दहावी नापास होऊन इकडे आलो आणि एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर लागलो. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीतून अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झालो. मधली जवळजवळ सगळी वर्षं प्रेससमोरच गेली.

ज्यांनी प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजूला एक जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायाशी पेडल. पेडल दाबलं की क्लचची पिन अडकते, रॅम म्हणजे वरचा जड ठोकळा खाली येतो, त्याला लावलेला पंच खालच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये बसतो, पत्र्याला आकार येतो आणि रॅम वर जातो. हे सगळं एका सेकंदाच्या आत. पहिल्या ऑपरेशनला पत्र्याची लांब पट्टी बाहेरून सरकवता येते, हात लांब राहतो. खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनला, फॉर्मिंगला, बेंडिंगला. तिथे कापलेला तुकडा बोटांनी धरून डायमध्ये बसवायचा, पेडल मारायचं, तयार नग बोटांनीच काढायचा. आम्ही आठ तासांत साडेतीन हजार नग काढायचो. बसवायला एकदा आणि काढायला एकदा धरलं, तर पाळीला सात हजार वेळा बोटं पंचाखाली जायची. पत्रलेखक म्हणतात की बहुतेक अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाने होतात. दिवसाला सात हजार वेळा, आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं ज्याने हात वेळेवर बाहेर काढला त्याला एका वेळेवरून निष्काळजी ठरवायचं का, हे त्यांनी मला सांगावं.

माझ्या बाबतीत तर ती एक वेळसुद्धा माझी नव्हती. १९९१ चा नोव्हेंबर. आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी माल निघायलाच हवा असतो. चार दिवसांपासून माझा प्रेस मधूनच डबल मारत होता. डबल मारणं म्हणजे पेडल एकदाच दाबलं तरी रॅम वर जाऊन आपोआप पुन्हा खाली येणं. क्लचची पिन झिजली किंवा स्प्रिंग मेली की असं होतं. सोमवारी मी सेटरला, म्हणजे प्रेस लावून देणाऱ्याला, सांगितलं. तो म्हणाला, ‘गुरुवारी उघडू, आज माल काढ.’ बुधवारी सव्वासहाच्या सुमाराला पाय पेडलवर नसताना, नग काढायला मी हात घातला आणि रॅम आला. दुखलं नाही. प्रेसच्या आवाजात फरक पडला, तेवढं कळलं. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मालकांनी मला स्वतःच्या स्कूटरवर बसवलं, मागे एकाला धरायला घेतलं आणि दवाखान्यात नेलं. बिल त्यांनी भरलं. दोन महिने पगार घरपोच पाठवला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पत्रलेखकांचा सगळा भरवसा चांगल्या मालकावर आहे. माझे मालक चांगलेच होते. एकेकाळी ते स्वतः ऑपरेटर होते, त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा पेरापासून गेलेला होता, तोही प्रेसवरच. बोट जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्यांच्या सहा प्रेसपैकी एकालाही पंचाखाली हात जाऊ न देणारी जाळी नव्हती. आणि शुक्रवारी सकाळी त्याच प्रेसवर दुसरा मुलगा बसला.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, ‘शेठ, जाळी बसवायला असे किती पैसे लागतात?’ ते म्हणाले, ‘जाळीला काही लागत नाही रे. जाळीने तासाला नग कमी निघतात, त्याचे लागतात. मला नगाला अकरा पैसे मिळतात. पलीकडच्या गाळ्यातला दहा पैशांत द्यायला बसलाय, त्याच्याकडे जाळी नाही. मी एकट्यानं लावली तर पुढच्या महिन्यात ऑर्डर त्याची.’

हे वाक्य मी आज पस्तीस वर्षं बरोबर घेऊन फिरतोय. माझ्या हाताबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, यात मला शंका नाही. पण त्या वाईट वाटण्याची किंमत नगाला एक पैसा होती आणि ती त्यांना परवडत नव्हती. आळीतल्या प्रत्येक गाळ्याला एकाच दिवशी जाळी सक्तीची झाली असती तर त्यांनी ती पहिल्या दिवशी लावली असती, कारण मग पलीकडच्याला दहा पैशांत देता आलं नसतं. नियम वाईट मालकाला दंड करायला लागतो असं सगळे समजतात. माझ्या अनुभवाने तो चांगल्या मालकाला चांगलं वागता यावं म्हणून जास्त लागतो.

आता मस्टरची गोष्ट. आम्ही शेडमध्ये चौदा जण होतो. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं नऊ. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांची अट होती. दहावं नाव चढलं की कायदा लागू, तपासणी लागू, ईएसआय म्हणजे कामगार विमा लागू. म्हणून आमच्याकडे दहावं नाव कधी चढलंच नाही. नववं नाव माझं होतं. पण कायदाच लागू नसल्यामुळे मला ईएसआयचं कार्ड नव्हतं, पुढची पेन्शन नव्हती. नुकसानभरपाईच्या कायद्यात अवयवांचा एक तक्ता आहे, तो युनियनच्या एका माणसाने मला बऱ्याच दिवसांनी दाखवला. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०. म्हणजे मी वीस टक्के. त्या तक्त्याकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. दावा लावला नाही. गावाकडचा माणूस, दोन महिने पगार दिलेला, त्याला कोर्टात कसं उभं करायचं, असं वाटलं. चुकलं माझं. बायकोने पुढची तीन वर्षं लोकांच्या घरी पोळ्या केल्या.

१९९४ ला ओळखीने दुसरीकडे लागलो. तिथे बावीस प्रेस होते. पेडल एकालाही नाही. प्रत्येकाला दोन बटणं, खांद्याएवढ्या अंतरावर. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम हलायचा नाही, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बटणांवर. पुढे समोर सेन्सर आले. प्रकाशाचा पडदाच तो, त्यात बोट गेलं की प्रेस जागेवर थांबतो. एकतीस वर्षं मी तिथे होतो. पत्रा तसाच, पाळ्या तशाच, महिनाअखेरची घाई तशीच. त्या शॉपमध्ये माझ्या देखत एकाचंही बोट गेलं नाही.

कंपनीने हे आपण होऊन केलं असं सुरुवातीला मलाही वाटायचं. मग २००३ साली एक तपासणी पाहिली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे एक अधिकारी आले होते. सडपातळ, चष्म्यातले, फार बोलत नव्हते. त्यांनी ऑफिसमध्ये चहा घेतला नाही, सरळ शॉपवर आले. एका वर्तमानपत्राची सुरळी करून चालू प्रेसच्या सेन्सरमध्ये घातली. प्रेस थांबला नाही. पुन्हा घातली. सुरळी चेपून बाहेर आली. सेन्सरची वायर काढून ठेवलेली होती, वर दिवा मात्र हिरवा. साहेबांनी ती चेपलेली सुरळी मॅनेजरच्या हातात दिली आणि तिथेच उभं राहून प्रेस बंद ठेवायचं पत्र लिहिलं. तीन दिवस तो प्रेस बंद होता. त्या तीन दिवसांत बावीसच्या बावीस प्रेसचे सेन्सर तपासले गेले. त्याच कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता, भिंतीवर पाट्या होत्या, दर मार्चला सुरक्षा सप्ताहाची शपथ होती. वायर तरी निघालेलीच होती.

ती वायर कुणी काढली, हेही लिहिलं पाहिजे. आमच्यातल्याच एकाने. सेन्सर बारीकसारीक कारणाने थांबवतो, टार्गेट चुकतं, इन्सेंटिव्ह जातो. मीही एकदा लग्नसराईच्या महिन्यात एक बटण फडक्याने बांधून एका हाताने प्रेस चालवलाय, दोन बोटं गेलेली असताना. त्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला पैसे हवे होते. म्हणून कामगार स्वतःची काळजी स्वतः घेईल, या बोलण्यावर माझा विश्वास नाही. पैशाची नड असलेल्या माणसाला आपलं बोट स्वस्त वाटतं. त्याच्या आणि मशिनच्या मध्ये तिसरं कुणीतरी लागतं, ज्याला त्या महिन्याच्या टार्गेटशी देणंघेणं नाही.

पाकिटांबद्दल पत्रलेखकांनी लिहिलंय ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मीही ऐकलंय. पण एक गोष्ट मी दोन्ही शेडमध्ये काम केलेला माणूस म्हणून सांगतो. जिथे इन्स्पेक्टर येऊ शकतो तिथे, तो कसाही असला तरी, निदान जाळ्या आणि सेन्सर विकत आणलेले असतात. तपासणीच्या दिवशी लावायला का होईना, असतात. मग एखादा सेटर, एखादा चांगला सुपरवायझर ते रोज लावून घेऊ शकतो. नऊ नावांच्या शेडमध्ये जाळी नावाची वस्तूच नव्हती. लावा म्हणायला काही नव्हतं.

आमच्या गुरुवारच्या सुट्टीवरून एक आठवण. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज सरकारला दिला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत आहे. त्याच अर्जात आणखी एक कलम होतं. कामावर जबर दुखापत झाली तर कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. सुट्टी मिळाली १८९० साली. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. या मधल्या वर्षांत गिरणी मालकांना कुणी अडवलं नव्हतं. द्यायचं असतं तर त्यांनी दिलं असतं.

आणि कायदा कुणाला लागू, हा आकडा बघा. १८८१ चा पहिला कायदा शंभर कामगारांच्या कारखान्यापासून पुढे. १८९१ ला पन्नास. १९२२ ला वीस. १९४८ ला दहा. सदुसष्ट वर्षं तो आकडा खाली येत राहिला, म्हणजे आणखी लहान शेडमधला आणखी एक माणूस आत येत राहिला. २०२० च्या नव्या सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या कारखाना कायद्याच्या जागी आलेल्या कायद्यात, विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी तो पुन्हा वीस झाला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

संहितेत सगळंच वाईट आहे असं नाही आणि जे चांगलं आहे ते चांगलं म्हटलं पाहिजे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालंय. नियम मोडल्यामुळे गंभीर इजा झाली तर जुन्या कायद्यात किमान दंड पाच हजार रुपये होता, आता दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत आहे, आणि त्यातला निदान अर्धा भाग जखमीला द्यायला कोर्ट सांगू शकतं. मालकांच्या सर्वसाधारण जबाबदाऱ्या दहा कामगारांपासूनच लागू आहेत. पण कारखान्यासाठीची खास कलमं विसापासून, सुरक्षा समिती सर्वसाधारण कारखान्यात पाचशेपासून. आणि दहाच्या आतली शेड, जिथे माझ्या माहितीतली सगळ्यात जास्त बोटं जातात, ती जवळजवळ मोकळीच. पत्रलेखकांना नियमांचं जे ओझं वाटतं ते या शेडमध्ये कुठे आहे, हे मला दिसलेलं नाही.

आमच्या भागातल्या कारखान्यांच्या आगींची दोन नावं फक्त घेतो. मुळशीतलं उरवडे, ७ जून २०२१. तळवडे, ८ डिसेंबर २०२३, केकवर लावायच्या फुलबाज्यांचा कारखाना, विनापरवाना चाललेला. दोन्हीकडे आगीत गेलेल्यांत बहुतेक बाया होत्या.

त्याच तळवड्याच्या बाजूला एका शेडमध्ये माझ्या घरमालकिणीच्या वरच्या खोलीत राहणारा मुलगा कामाला होता. वय वीस, हिंगोली जिल्ह्यातला, जमीन दीड एकर कोरडवाहू. ठेकेदाराने हेल्पर म्हणून आणला. अकराव्या दिवशी ऑपरेटर आला नाही म्हणून त्याला प्रेसवर बसवलं. कुणी शिकवलं नाही. पेडलचा प्रेस, जाळी नाही, शेडमध्ये आठ माणसं. डाव्या हाताची तीन बोटं गेली. १९९१ ची माझी हकिकत वाचून कुणाला वाटलं असेल की ते जुने दिवस होते, तर हे या वर्षीचं आहे. तो बनवत होता ते ब्रॅकेट तीन हातांतून शेवटी एका मोठ्या गाडी कंपनीत जातं. त्या कंपनीच्या गेटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत.

मी त्याच्याबरोबर ठेकेदाराकडे गेलो. आधी तो म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. मोबाइलमधले हजेरीचे मेसेज दाखवले तेव्हा चाळीस हजार काढून ठेवतो म्हणाला, सही करून द्या. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. पंधरा हजार पगार, त्याचे साठ टक्के नऊ हजार, विसाव्या वर्षाचा गुणक २२४, तीन बोटांचे ३० टक्के. ६ लाख ४ हजार ८०० रुपये होतात. हा हिशेब कायद्याचा आहे, माझा नाही. सही करू दिली नाही. दावा लावतोय. पस्तीस वर्षांपूर्वी मी जे केलं नाही ते त्याच्याकडून करून घेतोय. पण भरपाई बोटं गेल्यानंतर येते. जाळी आधी असते.

म्हणून सरकारकडे माझं मागणं मोठं नाही. धोकादायक काम म्हणून जाहीर केलं तर एकच कामगार असलेल्या ठिकाणीही ही संहिता लागू करता येते, अशी तरतूद तिच्यातच आहे आणि तो अधिकार केंद्र सरकारला आहे. हाताने नग घालायचा पॉवर प्रेस त्या यादीत घाला. पेडलवर चालणारा, जाळी नसलेला प्रेस विकायला आणि भाड्याने द्यायलाच बंदी करा, जुन्या बाजारातल्यासुद्धा. माझा १९९१ चा प्रेस भंगारात गेलेला मी पाहिलेला नाही, तो कुठेतरी अजून चालत असेल. निरीक्षकाला आता सल्ला देण्याचंही काम दिलंय, ते चांगलंच आहे, पण न सांगता शेडमध्ये शिरून वर्तमानपत्राची सुरळी घालायचा त्याचा अधिकार कमी करू नका. आणि गाडी कंपन्यांना विचारा की त्यांचं ब्रॅकेट शेवटी कुठल्या शेडमध्ये ठोकलं जातं.

पत्रलेखकांना माझी विनंती आहे की एकदा त्यांनी भोसरीला यावं. मी घरीच असतो. तो मुलगाही संध्याकाळी खाली येतो. आम्ही सध्या शर्टाची बटणं लावायचा सराव करतोय. उजव्या हाताचं काम त्याला जमतं, पण पत्र्याचा डबा उघडायला, नाडी बांधायला दुसरा हात लागतो, त्याच्या युक्त्या मला माहीत आहेत त्या शिकवतो. रोज आठ वाजता त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल येतो. तेव्हा तो फोन उजव्या हातात धरून भिंतीला टेकून बसतो आणि डावा हात पांघरुणाखाली घेतो. आईला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला गावी जायचं आहे, तोपर्यंत कसं सांगायचं ते तो मला विचारतो.

आपला,
एक निवृत्त प्रेस ऑपरेटर,
भोसरी, पुणे

(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. छापू नये, मुलाच्या दाव्याचं काम चालू आहे.)